विषय क्रमांक चार

गोझो बेटावर, चर्चमागच्या हॉलमध्ये
गुरुवारी संध्याकाळी एकतीस माणसं.
पंखा एकच, तोही मान अवघडलेला.
मी समितीची कारकून, साल्विना.
माझं काम लिहून घेणं.
विषय क्रमांक चार: जुनी फेरीबोट ‘मरीया ग्रात्सिया’
खाडीच्या तोंडाशी, अडतीस मीटर पाण्यात
बुडवावी की न बुडवावी.

मसुद्यात शब्द होता ‘जलसमाधी’.
डॉ. लिडविना म्हणाली, तो आधी खोडा.
समाधी घेणारा आपणहून घेतो.
ही विल्हेवाट आहे,
विल्हेवाटीवर फुलं वाहत नाहीत.
मी खोडला.

सॅवेरिन पाणबुड्यांची शाळा चालवतो.
त्याने पडद्यावर चित्रं दाखवली,
कुठल्याशा दुसऱ्या समुद्रातली:
जिन्यावरून उतरणारे हेकरू,
कप्तानाच्या खुर्चीत ऑक्टोपस.
“दोन वर्षं द्या, गोकुळ नांदेल तिथं.”
हॉटेलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.
भंगारात काढायची तर ओढून न्यायचाच खर्च इतका
की वर आपल्यालाच पैसे मोजावे लागतील.
खजिनदार म्हणाला, “तशीही ती बुडीत खात्यातच आहे.”
हशा.
(हशा लिहायचा नसतो.)

मग इंद्री, ऐंशीला टेकलेला, लाम्पुकी धरणारा.
“ऑगस्टात आम्ही झावळ्यांचे तराफे
समुद्रात नांगरतो. सावली पडते.
सावलीत लाम्पुकी येते, आम्ही जाळं फिरवतो.
साठ वर्षं झाली,
सावलीला पिल्लं झालेली मी पाहिली नाहीत.
सावली मासे बोलावते, एवढंच.
तुमची बोटही बोलावेल,
आमच्याच खडकांवरून.
आणि एका जागी गोळा झालेल्यांना
संपवायला कितीसा वेळ लागतो?”
सॅवेरिन म्हणाला, तिथं मासेमारी बंद ठेवू.
“राखण कोण करणार? ऑक्टोपस?”

लिडविनाने आकडे वाचले, मी भराभर उतरवले.
बुडाच्या रंगातलं तांबं, कथिल,
वायरींच्या वेष्टणातली तेलं, जी विरतच नाहीत;
आधी गोगलगाय, मग मासा, मग आपलं ताट.
मागून कुणीतरी म्हणालं,
“समुद्र सगळं पोटात घेतो, बाई.”
ती म्हणाली, “हो. मी तेच सांगतेय.”

अध्यक्षांनी दाखला वर धरला:
बोट साफ केली आहे. शिक्का, सही, तीन प्रती.

तेव्हा विस्तिन उठला.
सव्वीस वर्षं तो तिच्या इंजिनरूममध्ये होता.
याच बोटीवरून माझ्या आईला
शेवटचं घरी आणलं, टोमॅटोच्या ट्रकशेजारी,
आणि त्या दिवशी त्याने इंजिन हळू चालवलं होतं.
कुणी सांगितलं नव्हतं.

त्याला खोकला आला. थांबेपर्यंत
सगळे थांबले, पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला.
मग त्याने माझं पेन मागितलं,
कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर एक पाइप काढला,
दुसऱ्या इंजिनामागून वळलेला,
भोवती बारीक बारीक ठिपके, पिठासारखे.
“हा नकाशात नाही,” म्हणाला.
“आम्ही झाडूने लोटायचो.”
कागद माझ्यापुढे ठेवून तो टोपी शोधू लागला.

निर्णय: पुढील सभेत.
त्या कागदाला परिशिष्ट म्हणावं की आणखी काही, ठरेना.
वहीत तसाच ठेवला.

घरी जाताना धक्क्यावरून गेले.
मरीया ग्रात्सिया दोरांवर रेललेली,
नाव अर्धं पुसलेलं.
पाण्यालगत, जिथं रंग उडालाय तिथं,
अंगाला शिंपले चिकटलेत, शेवाळाची दाढी,
दाढीत काहीतरी हलणारं, पारदर्शक.
परवानगीची वाट कुणी पाहिलेली नाही.

तिच्या सावलीत एक पोरगा गळ टाकून बसला होता.
बादलीत तीन मासे.
“खाणार?” मी विचारलं.
“मांजराला,” तो म्हणाला.
मग जरा थांबून,
“मोठा आम्हाला.”