नाणी बोलतात

मल्लेशम मास्तरांनी पहिल्या दिवशी काहीच गायब केलं नाही.
पाच रुपयांचं जुनं, जाड नाणं
माझ्या तळहाताच्या खळग्यात दाबलं,
अंगठ्याचा उंचवटा किंचित आत घ्यायला लावला,
म्हणाले, "आता असाच जा.
भाजी आण, सायकल चालव, कुणाला तरी नमस्कार कर.
हात मेल्यासारखा दिसायला नको, बे.
लपवणारा हात सगळ्यात आधी मरतो."

तीन महिने ते नाणं माझ्यात राहिलं.
साखर पेठेत शेंगाचटणी घेताना,
सिद्धेश्वर तलावाच्या कठड्यावर उगाच बसताना,
न्हाव्याच्या खुर्चीत, कापडाखाली.
उन्हाळ्यात घामानं निसटायचं;
मास्तर म्हणायचे, कोरड्या हाताची जादू पुण्याला,
इथं चव्वेचाळीस डिग्रीत जमली तरच ती जमली.

मग दोन नाणी. मग चार.
रात्रपाळीला शेडमध्ये टॉवेलचे बारा माग,
धोटा इकडून तिकडं, खडाखड खडाखड,
आणि मी कांड्यांच्या पेटीवर बसून
चारी नाणी बोटांच्या फटींत उभी करायचो,
मिटायचो, उघडायचो,
रिकामा हात ट्यूबलाईटला दाखवायचो.
जॉबर इराबत्ती बघत राहायचा
आणि तंबाखू थुंकायचा विसरायचा.
मला वाटलं, झालं.

गड्ड्यावरच्या तंबूतही तसंच वाटलं.
बाहेर पाळण्याचं इंजिन, आत कर्णा,
पोरांच्या शिट्ट्या.

मग एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेत,
अहवाल वाचून झाल्यावर, जेवणाआधी,
मला पंधरा मिनिटं दिली.
तिसऱ्या मिनिटाला लाईट गेली.
खिडक्यांतून ऊन भरपूर, दिसत सगळं होतं,
फक्त पंखे थांबले, माईक मेला,
आणि त्या शांततेत माझ्या रिकाम्या डाव्या हातातून
आवाज आला:
टिक्.

एवढासाच.
तिसऱ्या रांगेतल्या एका म्हातारीनं
माझ्या उजव्या हातावरची नजर काढली
आणि डाव्यावर ठेवली.
कुत्सितपणे नाही. झोपेत कण्हणाऱ्या पोराकडं
आपण वळून बघतो, तशी.

मास्तरांना सांगितलं.
त्यांचे स्वतःचे हात आता कापतात,
कपाखाली बशी वाजत राहते.
"तुझी नाणी बोलतात," म्हणाले,
"मला पहिल्यापासून ऐकू येत होतं."
मग सांगितलं का नाही?
"मागाच्या आवाजात वाढलेल्याला
सांगून काय ऐकू येतंय?"

घरी आई मांडीवर सूप घेऊन बसलेली.
कात्री, पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा.
नजर टीव्हीवरच्या तेलुगू सिनेमात.
दिवसाला हजार विड्या, कधीपासून कोण जाणे.
मी पहिल्यांदाच आवाज बंद करून
तिचे हात ऐकायचा प्रयत्न केला.
ऐकू काहीच आलं नाही.
"आवाज कर की," तेवढं ती म्हणाली.

चारी नाणी तिच्यापुढं ठेवली.
तिनं ती ओल्या पानासारखी उचलली.
"घट्ट धरलं की फाटतं, सैल धरलं की सांडतं,
आणि बघत बसलं तर हजार होत नाहीत."
मूठ मिटली. उघडली.
तीन.

चौथं?
तिचा हात पुन्हा पानांवर.
सुपाखाली नव्हतं, पदरात नव्हतं,
दोऱ्याच्या रिळामागं नव्हतं.
मी तिची बोटं उलटी करून बघितली,
तंबाखूनं पिवळी, गार.
"ऊठ, उजेड अडवू नको."

सकाळी दूधवाला आला
तेव्हा तिनं त्याला
उरलेले पाच रुपये दिले.