सेकंडची चादर

साठ बाय नव्वद.
समोरासमोरच्या काठांना टेप लावली,
चारी बाजू मापात.
तरी मी खडूनं फुली मारली
तेव्हा इरण्णा सुपरवायझर म्हणाला,
"बरोबर आहे की ओ, राजव्वा. काय बिघडलंय?"

काय बिघडलंय ते बाजूंना विचारून कळत नाही.

या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्याला एक दोरी,
उरलेल्या दोन कोपऱ्यांना दुसरी.
एक दोरी चार बोटं जास्त निघाली.
बाणा तिरका गेलाय,
माग कुठंतरी एका अंगाला कलला असणार.
सूत लागलं तेवढंच,
झाकते मात्र थोडं कमी.

काटकोन गेला. बाकी काहीच गेलं नाही,
म्हणून तर पटकन दिसत नाही.

संध्याकाळी विडी घरकुलात
श्रीवल्ली आठवीचं गणित मोठ्यानं म्हणत होती:
संमुख भुजा एकरूप,
संमुख कोन एकरूप,
शेजारचे दोन कोन मिळून एकशेऐंशी.
कुकरच्या शिट्टीला थांबली, पुन्हा म्हणाली.

मी सातवीत शाळा सोडली.
आमच्या तेलुगू शाळेत सार त्रिकोणापर्यंत आले होते.
चौकोन पुढच्या वर्षी होते.

"अम्मा, आयत हा समांतरभुज असतो का गं?
वर्गात निम्मी पोरं नाही म्हणाली."

मी तव्यावरची भाकरी उलटली.
म्हटलं, आमच्याकडं
पास झालेल्या चादरीत
सेकंडच्या चादरीचे सगळे गुण असतात.
वर एक काटकोन.

"आणि चौरस?"
हातरुमाल. त्याच्या दोऱ्या सारख्या,
शिवाय एकमेकींना आडव्या, सरळ काटकोनात.
"म्हणजे तो आयतही, समभुजही!"
हो. त्याचं नाव सगळ्यांच्या रेशनकार्डात.
आपण असं केलं तर
साहेब कार्डच रद्द करतो.

ती हसली नाही. वहीत गोलात गोल काढत बसली,
सगळ्यात आत चौरस.
मग म्हणाली, "दोऱ्यांना मधोमध गाठ मार उद्या."

मारली.
दीड वाजता, पत्र्याखाली,
जेवणाच्या सुट्टीत शमशादनं एक टोक धरलं.
आधी पास झालेली घेतली: गाठीवर गाठ.
मग एका टोकाला आवळलेली,
वर रुंद, खाली चिंचोळी:
गाठी चुकल्या, वीतभर लांब राहिल्या.
मग ती फुलीवाली.

गाठीवर गाठ.
मला वाटलं हात हलला असेल.
पुन्हा ताणली. पुन्हा तिथंच.
एक दोरी लांब, एक आखूड,
पण दोघी एकमेकींना
बरोबर निम्म्यावरच कापतात.

शमशाद म्हणाली, "देख, ये तो सच्ची निकली."

तिची घडी मात्र बसेना.
मधोमध मोडली की कोपरा बाहेर,
कुत्र्याच्या जिभेसारखा.
लांबीत मोडा, रुंदीत मोडा, तेच.
वैतागून आम्ही तिला जमिनीवर पसरली,
कडेनं खडूची रेघ ओढली
आणि टोकं धरून फिरलो,
अर्धा फेरा,
मी शमशादच्या जागी, शमशाद माझ्या जागी.
चादर रेघेत बसली,
जणू कुणी हललंच नव्हतं.

भोंगा झाला. आम्ही तशाच उभ्या.
घडी घालून जे जुळलं नाही
ते जागा बदलून जुळलं,
हे इरण्णाला सांगायचं राहिलं.
सांगून तो काय फुली पुसणार होता?

पगारातून कापून मी ती घरी आणली.
श्रीवल्लीची उंची यंदा भराभर वाढलीय,
पास चादरीतून पाय बाहेर येतात.
ही तिच्या अंगावर मी कोनाकोनी टाकते,
लांब दोरीच्या दिशेनं.

ती चार बोटं
अंगठ्यापर्यंत पुरतात.