अकरा दिवस कमी

काउंटरवरच्या माणसानं माझे शिक्के दोनदा मोजले,
बोटाला थुंकी लावून पान उलटलं आणि म्हणाला,
जहाज गोदीत दुरुस्तीला उभं होतं ना, ते दिवस धरत नाहीत.
अकरा कमी पडतायत.
मग पत्ता वाचून जरा मऊ झाला:
जेल रोड, नाशिक? तिथं कुठं आलाय समुद्र?

आलेला नाहीच.
गोदावरीलासुद्धा नाही सापडला जवळचा.
त्र्यंबकच्या डोंगरामागे हाकेवर एक समुद्र असताना
तिनं पाठ फिरवली, आणि पंधराशे किलोमीटर चालत
भलत्याच समुद्राला जाऊन मिळाली.
तिचे दिवस कुणी मोजले नाहीत.

तर मी घरी. बॅगेत
आग विझवण्याचा दाखला, तराफ्याचा दाखला,
रेडिओचा, डोळ्यांचा,
आणि ज्या एका दाखल्यासाठी हे सगळे दाखले
त्याची रिकामी जागा.

आई म्हणाली, अकराच ना?
तू नऊ महिने नव्हतीस, आम्ही मोजले का?
मोजले होते. गॅस एजन्सीच्या कॅलेंडरवर, पेन्सिलीनं.

बाबा काही बोलले नाहीत.
निवृत्ती गायधनींनी पस्तीस वर्षं प्रेसमध्ये
पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका मोजल्या.
एक पान कमी भरलं की अख्खा गठ्ठा परत.
कमी म्हणजे कमी, हे त्यांना सांगावं लागत नाही.
स्वतःचा पासपोर्ट काढायचा राहिला.

संध्याकाळी नियमांचं पुस्तक घेऊन गच्चीवर येतात.
चष्मा कपाळावर, आवाज परीक्षकाचा:
"आडव्या वाटेनं जहाज येतंय. बाजू कुणी द्यायची?"
ज्याला दुसरं आपल्या उजव्या हाताला दिसतं, त्यानं.
"द्वारका सर्कलवर सांग हे कुणाला," म्हणतात, आणि हसत नाहीत.
"धुक्यात?"
वेग कमी. भोंगा. कान उघडे.
"आणि नियम पाळूनही धडक होणार असेल तर?"
नियम मोडायचा.
हे उत्तर त्यांना आवडत नाही.
दरवेळी पुस्तकात बघून खात्री करतात.

त्र्याऐंशी साली तेही गेले होते मुंबईला, बोटीवर जायचं म्हणून.
डॉक्टरनं ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. आकडा कुठला?
बाबांना ठिपके दिसले.
पुढचं पान.
ठिपके.
रात्रीच्या एस.टी.नं कसाऱ्याचा घाट चढून परत,
आणि मग पानं मोजायचं काम, ज्याला रंग लागत नाही.

मला सगळे आकडे दिसतात.
माझी डॉक्टर म्हणाली, तुझ्यात नाही उतरलं, मुलात उतरेल कदाचित.
बघू म्हटलं. त्याचे दिवस अजून सुरू व्हायचेत.

काल वीज गेली होती.
बाबा पाण्याच्या टाकीपाशी दोन बॅटऱ्या घेऊन उभे राहिले,
एकीच्या तोंडावर तांबडा जिलेटिन कागद, एकीच्या हिरवा.
तांबडीच्या मुठीला आई दोरा बांधून देते.
"काय दिसतंय?"

डावीकडे तांबडा. उजवीकडे हिरवा.
असं जहाज पुस्तकात नाही.
येणारं नाही, जाणारं नाही, कुठल्याच पाण्यावर नाही.
दोरा सुटून पडला असणार.

अंधारात ते उत्तराची वाट बघत होते,
दोन्ही हात ताठ धरून,
चुकायला नको म्हणून श्वाससुद्धा जपून घेत.

समोरासमोर, मी म्हटलं. दोघांनी उजवीकडे वळायचं.
"मग वळ."
वळले. तेही वळले.
वाळत घातलेल्या चादरींमधून आम्ही एकमेकांना ओलांडून गेलो.
तांबडा असायला हवा तिथून, माझ्या डाव्या खांद्याला लागून,
त्यांचा हिरवा दिवा गेला.

"बरोबर?" मागून आवाज आला.
बरोबर, सर.