पट्टे

जिलियन म्हणाली, ते हिरवे पट्टे काढून टाक ना,
नव्या सिस्टिमला साधी यादी लागते, टेबल चालत नाही.
बरं, म्हटलं. दोन मिनिटांचं काम.

हॅलिफॅक्स, नोव्हेंबर, पावणेचारलाच दिवे.
काउन्सिलच्या तिसऱ्या मजल्यावर हीटर खोकतोय
आणि माझ्यापुढे बूथरॉइडसाहेबांची फाइल:
सिडलच्या उतारावरचे भाजीचे वाफे, एकशे बारा,
त्यांच्यासाठी थांबलेली माणसं, चारशेच्या वर.
मार्चमध्ये रिटायर होताना त्यांनी मला
रुबार्बची एक जुडी दिली,
म्हणाले, कुणाचा नंबर हलवू नकोस, पोरी.

शेवटच्या रकान्यात त्यांची टिपणं.
पाठ दुखते, खालचा वाफा द्यावा.
नवरा गेला, त्याने लावलेले लीक तिलाच काढू द्यावेत.
झुबैदा अख्तर मेथी लावते, कुंपणावरून वाटते.
याला कोंबड्या हव्यात. नाही म्हणून सांगितलंय. तीनदा.

क्लिक केलं. टेबल मोडलं.
मथळ्यांवरचे बाण गेले, कोपऱ्यातली बारकी खूण गेली,
पट्टे मात्र तिथेच. फिका, गडद, फिका, गडद,
मांडव उतरवल्यावर
अंगणात खांबांचे खड्डे राहावेत तसे.

टेबल होतं तोवर मधली ओळ काढली
की खालच्या मुकाट वर सरकायच्या,
रंग आपसांत नव्याने वाटून घ्यायच्या,
जणू मध्ये कुणी नव्हतंच.
आता एडिथ ग्रीनवुडची ओळ काढली
(मंगळवारी गेली. अकरा वर्षं थांबून
नंबर सहावा आला होता)
तर वरची गडद ओळ खालच्या गडद ओळीला चिकटली.
यादीत एका जागी बोटभर जाड हिरवं.

आमचे अण्णा तलाठी होते, करमाळ्याकडे.
सातबाऱ्यावरचं नाव कमी करायचं तर
खोडायचे नाहीत, कंस करायचे,
शेजारी फेरफाराचा नंबर, बारीक, उजवीकडे कललेला.
माणूस जमिनीवरून उठला तरी
कागदावर कंसात बसून राहायचा,
चहा येईल म्हणून ओट्यावर बसल्यासारखा.
जमिनीचा तुकडा म्हणजे पट्टा, भाड्याने दिला तर भाडेपट्टा,
आणि आकडा चुकला की
अण्णांच्या कमरेचाही पट्टाच.

साडेचार. जिलियन कोट चढवतेय. झालं का?
वर उजवीकडे खोडरबराचं चित्र आहे,
एक दाब, की सगळं पांढरं.
दाबलं.
पट्टे गेले, आणि त्यांच्याबरोबर तारखाही गेल्या.
१४ मार्च २०१३ चे झाले ४१३४७.
कुणीतरी अर्ज भरला, बूट झाडून आत आलं,
तो दिवस नुसता आकडा.

मागे घेतलं. पुन्हा मागे. आणखी एकदा,
एडिथ परत येईपर्यंत.
जिलियनसाठी पांढरी यादी वेगळी केली, तारखा हाताने दुरुस्त केल्या.
आणि बूथरॉइडसाहेबांच्या फाइलमध्ये
एडिथच्या नावाला दोन्हीकडून कंस.

हे काय, फॉर्म्युला? जिलियन खांद्यावरून वाकली.
हो, म्हटलं. आमच्याकडचा.

सहावा नंबर आता कोंबड्यांवाल्याचा.
त्याला उद्या फोन करायचाय.