अजून

सातशे ऐंशी ग्रॅम.
दुकानात रोज तेवढं काही ना काही तोलते मी,
पाऊण किलो साबुदाणा, वर थोडा सढळ हात,
आणि पिशवी देताना क्षणभर थबकते.
गिऱ्हाइकाला वाटतं मापात खोट आहे.

नाना पेठेत माणसांना वजन कळतं
म्हणून तेव्हा कुणालाच आकडा सांगितला नाही.
"जरा बारीक आहे," म्हणाले हे.
काचेच्या पेटीवर चिठ्ठी: बेबी ऑफ हेमलता,
सव्वीस आठवडे.
तिची आख्खी मूठ माझ्या अंगठ्याच्या नखावर मावायची.

दर दोन तासांनी नळीतून दूध, एक मिली.
तेलाची, रॉकेलची, सगळी मापं आहेत आमच्याकडे,
एवढं नाही.

सिस्टर लीलाम्मा सकाळी यायची, सांगायची, आज वीस वाढली.
वीस ग्रॅम म्हणजे मिऱ्यांची सगळ्यात लहान पुडी.
तेवढंच हसायचे मी,
पुडीभर.

डोळ्यांत लेझर मारला तेव्हा एक किलो चारशे होती.
घरी आणली तेव्हा दोनला थोडी कमी.
बारशाला फुलाचं नाव ठेवलं, अबोली.

डॉक्टर सबनीस बाई कार्डावर दोन वयं लिहायच्या:
एक जन्मल्यापासूनचं,
एक जन्मायला हवं होतं तेव्हापासूनचं.
चौदा आठवडे वजा.
दोन वर्षं चालला तो हिशोब.
मग त्यांनी एक रकाना रिकामा सोडला
आणि पेनाला टोपण लावलं.

तोवर जिन्यात, दळणाच्या रांगेत, रास्ता पेठेपर्यंतच्या रिक्षात
एकच शब्द:
अजून मान धरत नाही?
अजून बसत नाही?
टाच टेकत नाही का गं अजून?
सासूबाई म्हणाल्या, नावच चुकलं.
अ-बोली. बोलेल कशी?
मी रात्री पाळण्याजवळ बसून
दुसरी फुलं आठवत राहिले.

अडीच वर्षांची होती. तांदळाच्या पोत्यावर बसवलेली,
पायात प्लॅस्टिकची पट्टी, नाकावर चष्मा रबराने बांधलेला.
बशीरभाई तांबोळी मसूर घ्यायला आलेले, अर्धा किलो.
पारड्यात मसूर पडते त्याचा एक आवाज असतो.
काटा स्थिर झाला, मी हात थांबवला,
आणि मागून कुणीतरी म्हणालं,
"अजून."

आई नाही, बाबा नाही.
जन्मभर जे ऐकलं तेच.

मी ओतत राहिले.
पारडं भरलं, फळीवर सांडली, बशीरभाईंच्या चपलेवर सांडली,
ती हसत होती, "अजून, अजून,"
आणि बशीरभाई, गृहस्थ माणूस,
वाकून एकेक दाणा वेचत होते,
वर बघत नव्हते.

आता आठ वर्षांची आहे.
गोष्ट सांगायला लागली की थांबत नाही,
वजाबाकी आली की पेन्सिलीचं टोक चावते.
डावा बूट पुढूनच झिजतो, चांभार ओळखतो तिला त्यावरून.
यंदाच्या कार्डावर बाईंनी खूण केली ती
दोन चौकटींमधल्या रेघेवर.
मी विचारलं, म्हणजे नक्की कुठे?
त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू.

एकदा तिनेच विचारलं, मी एवढी लवकर का आले?
मी गूळ फोडत होते. फोडत राहिले.

दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा
ती पोत्यांच्या काट्यावर चढते.
लाल आकडे. एकोणीस किलो.
तिला एकोणीस वाचता येत नाही, एक आणि नऊ येतात.
मी सांगते, वीसला एक उणा.
"म्हणजे कमी?"
कमीच.
डावी टाच अधांतरी, आकडे हलत राहतात.
"नीट उभी राहा," मी म्हणते.
"उभीच आहे," ती म्हणते.