ओळंबा

लातूरहून सकाळच्या गाडीनं परभणीला उतरले तेव्हा
बॅगेत अकरा लॅमिनेट केलेले तक्ते होते,
कडा अजून बोटाला लागणाऱ्या.
सूर्यतळ सिस्टरनी ते घेतले, उलटसुलट पाहिले
आणि औषधांच्या फ्रीजवर ठेवून दिले,
मागच्या तीन प्रशिक्षणांचे तक्ते
जिथे आधीच पिवळे पडत होते.
"आम्ही करायलाव की मॅडम.
खाटा नऊ, आम्ही दोघी.
रात्री एखाद्यानं नळी उपसली
तर तुमचा कागद येणार हाय का धरायला?"

मला उत्तर आलं नाही.
म्हणून मी रात्री थांबले.

रात्र म्हणजे सिरिंज पंपाची किटकिट,
कूलरमधलं कोमट पाणी,
चार नंबरच्या मॉनिटरची शिट्टी, जिला आता कुणी दचकत नाही.
दाराबाहेर चटया, भाकरीची फडकी उशाला.
आणि खाट सात : गयाबाई खिल्लारे,
न्यूमोनिया, सहावा दिवस, तोंडात नळी,
दोन्ही मनगटं गॉजनं कठड्याला बांधलेली.
बोटं तेवढी चालू.
गोळा करतात, गुंडाळतात, बाजूला ठेवतात.
मी लिहिलं : भ्रम.
तक्त्यात तशी चौकट आहे.

पहाटे खंडूमामानं विचारलं,
"डोक्याकडून खाट तीस अंश म्हणता, तीस म्हंजी किती?"
मी हातानं दाखवलं. सिस्टरनी हातानं दाखवलं.
दोन हात, दोन वेगळे तीस.
मामाचा बाप गवंडी.
दुपारी तो घरून नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन आला,
मोडक्या ट्रॉलीचा नट, शिवणाचा दोरा,
आणि कठड्याला ओळंबा टांगला.
पोटातलं वर येऊन फुफ्फुसात उतरू नये,
एवढंच सांगायचं होतं मला, अकरा तक्त्यांतून.
लाइट गेली तरी टॉर्चच्या उजेडात
दोरा तीसवर स्थिर.

पंप थांबवणं मात्र दोऱ्यावर होत नाही.
रोज आठला झोपेचं औषध बंद करायचं,
माणूस किती जागा होतो ते बघायचं,
स्वतःचा श्वास त्याला घेता येतो का ते बघायचं.
"आणि ती धडपडली तर?"
"मी इथंच आहे."
"आज हाव. उद्या?"
उद्याही थांबले. परवाही.
तिसऱ्या दिवशी डॉक्टर हाश्मींनी मान हलवली,
सिस्टरनी बटण दाबलं
आणि उजव्या मनगटाची गाठ सोडली.
वीस वर्षं त्या गाठी मारत होत्या.
सोडताना त्यांचीच बोटं अडखळली.

"गयाबाई, माझं बोट दाबा."
दाबलं.
मग सोडून दिलं, आणि पुन्हा तेच :
गोळा करणं, गुंडाळणं, बाजूला ठेवणं.
दारातून सून म्हणाली,
"मेथीच्या जुड्या बांधायल्यात त्या. आज बाजार हाय ना."
खरंच शनिवार होता.
याला भ्रम म्हणावं की काम,
तक्त्यात दोन्हींना एकच चौकट.

खाट दोनचा माणूस गेला.
ओळंबा तीसवरच होता.
सिस्टरनी हात धुतले, कोपरापर्यंत, नेहमीपेक्षा जास्त वेळ,
नोंद केली,
नट पुसून दोरा गुंडाळून खिशात टाकला.
संध्याकाळी त्या खाटेवर नवा पेशंट आला
तेव्हा तो खिशातून निघाला.
मी काही बोलले नव्हते.

आता मी दुसऱ्या गावी, दुसऱ्या फ्रीजसमोर.
रोज आठ वाजून पाच मिनिटांनी
परभणीहून एक मिस्ड कॉल येतो.
उचलायचा नसतो.
पंप थांबवला, एवढाच त्याचा अर्थ.

आज आलेला नाही.
सव्वाआठ.
पेशंट खूप असतील, किंवा सिस्टर रजेवर,
किंवा कुणीतरी पुन्हा गाठ मारली असेल.
तक्ते बॅगेतून न काढताच
मी गाडीची वेळ बघते.