खिळ्याखालचं काळं

नंदगडच्या वाचनालयाचं बाहेरचं दार
ऐनाचं आहे. मोनाप्पा बडिगेर त्याला मत्ती म्हणतो.
नखानं टोकरतो, वास घेतो,
मग चपला बाजूला काढून कामाला बसतो.

चार महिने धो धो, आणि दार पश्चिमेला.
प्रत्येक खिळ्याखालून एक काळा ओघळ,
काजळ घालून रडलेल्या पोराच्या गालावर असतो तसा.
मी साबणानं घासून पाहिलं होतं. एकदा रॉकेलनंही.
"घाण न्हवं ही, बाई," तो म्हणतो,
"मत्तीत तुरट रस असतोय. कब्बिण भिजलं
की दोघं मिळून शाई करतात."

शाई.
तीस वर्षं इथं पुस्तकांवर शिक्के मारले,
दारावर शाई आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सतरा खिळे निघतात.
पाट्या तीनच लागल्या होत्या:
पहिली, मग दुसऱ्या अक्षरांतली, मग दोन्हींची,
आणि मधे एका रात्रीनंतर बरेच दिवस कुठलीच नाही.
पाट्या उतरल्या. खिळे कुणी उपटले नाहीत.

प्लास्टिकच्या बादलीत गरम पाणी,
त्यात बेळगावातनं आणलेली पांढरी पूड.
साखरेसारखी दिसते, म्हणून उरलेली पुडी
तो उंच कोनाड्यात ठेवतो; मुलं येतात पुस्तकं बदलायला.
ब्रश नायलॉनचा. तारेचा नको,
तार म्हणजे पुन्हा लोखंडच.
"बाप माझा भिरंडाच्या पाण्यानं काढायचा.
दोन दिवस लागायचे, आणि जायचं अर्धंच."

काळं आधी निळसर होतं,
मग कपाच्या बुडाशी राहिलेल्या चहासारखं,
मग नाही.

वर डावीकडे एकच उरतं.
दुसरा हात. तिसरा हात. जेवणाची वेळ टळते.
मी म्हणते, राहू दे की, त्यावर नवी पाटी येईलच.
तो ब्रश खाली ठेवत नाही.

"हा मी मारलो होतो.
नऊ-दहा वर्षांचा असंन. बाप शिडी धरून, मी वर.
कमिटीनं पितळी स्क्रू दिलते. ते विकून
बापानं लोखंडी खिळे आणला."

"कुठल्या पाटीचा हा?"

"मला अक्षर येत न्हवतं तेव्हा.
उलटी न्हाई ना लागली, एवढंच विचारलो बापाला.
त्यालाबी येत न्हवतं."

उन्हं कलतात. सोड्याचं पाणी, मग साधं पाणी.
दार उघडंबोडकं दिसतं, नुकतं जावळ काढल्यासारखं.
उद्या जवसाचं तेल.
बिलात तो सोळा डाग लिहितो.
मी मोजते, आणि काही बोलत नाही.

हातमोजे काढतो. बोटांच्या रेघांत
लोखंडाचं काळं तसंच, किती वर्षांचं कोण जाणे.
बादलीत तळाशी थोडं पाणी उरलेलं. माझी नजर तिकडे जाते.
"त्यानं हात धुवायचं नसतंय, बाई,"
तो म्हणतो, आणि बादली उचलून
विहिरीपासून लांब, गटाराकडे चालू लागतो.